एका मृत्युपत्राचा प्रवास

महाराष्ट्रांतील ज्या मध्यम स्थितींतील घरांत जुनें दप्तर अजून शिल्लक आहे, तेथें तें सोडून पाहिलें असतां निदान एक तरी कागद असा सांपडतो, कीं ज्यावर दोन निरनिराळ्या राज्यांचे शिक्के आहेत. नोकरी पुण्यास किंवा मुंबईस इंग्रजी अंमलांत, कुलदैवत व चार बिघे जमीन सांगली, मिरज, भोर, औंध, सावंतवाडी अशा एखाद्या संस्थानांत, आणि सोयरीक तिसर्‍याच हद्दींत, ही स्थिति १९४८-४९ सालीं संस्थानें विलीन होईपर्यंत इतकी सर्वसाधारण होती कीं, तींत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटतही नसे. घरांत कर्ता पुरुष जिवंत आहे तोंपर्यंत ह्या हद्दी डोळ्यांस दिसत नसत. तो गेला, वांटणीचा किंवा दत्तकाचा प्रश्न निघाला, म्हणजे मग शोध लागे कीं, चार कोसांवरचें आपलें गांव कायद्याच्या दृष्टीनें परमुलूख आहे, आणि तेथील मुनसफाचें कोर्ट हें पुण्याच्या कोर्टाच्या लेखीं फ्रान्स-जर्मनींतील कोर्टाइतकेंच परकीय आहे.

आमच्या आजोळीं अशा एका दप्तराशीं आम्हीं लहानपणीं खेळलों आहों. त्यांतील एका वाटणीपत्राच्या दोन नकला होत्या, आणि दोन्ही नकला अक्षरशः सारख्याच असून एक खरी व दुसरी निरुपयोगी कां, हें आजोबांनीं दहा वेळां सांगूनही आमच्या डोक्यांत शिरलें नव्हतें. पुढें ताईमहाराज प्रकरणाचे कागद वाचतांना तें आपोआप उलगडलें. हें प्रकरण लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत त्यांच्या मागें लागलेलें एक शुक्लकाष्ठ म्हणून येतें, आणि तसें तें होतेंच. परंतु आम्हांस येथें त्याकडे एका घराचें, एका ट्रस्टाचें, आणि त्या घराचे तुकडे ज्या निरनिराळ्या दरबारांच्या हातांत पडले त्यांचें प्रकरण म्हणून पाहावयाचें आहे.

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पुण्यास राहणारे पहिल्या वर्गाचे सरदार. घराणें गुरुपरंपरेचें, कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्याशीं ह्या पंडितांचा जुना संबंध, व त्यांची दुसरी एक शाखा कोल्हापुरासच नांदत होती. सबब मिळकतीचा एक भाग इंग्रजी मुलखांत व एक भाग कोल्हापूर संस्थानांत असा पहिल्यापासूनच विभागलेला होता. १८९७ च्या ऑगस्टच्या ७ तारखेस बाबामहाराजांस पटकीचा विकार झाला. तें साल पुण्याच्या इतिहासांत प्लेगाचें आणि रँडच्या खुनाचें. टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून जुलैच्या अखेरीस पकडलें होतें, व न्यायमूर्ति बद्रुद्दिन तय्यबजी यांनीं त्यांस ४ ऑगस्ट रोजीं जामिनावर सोडलें होतें. जामिनावर सुटून तीन दिवस झाले नाहींत तोंच मित्राच्या मृत्युशय्येपाशीं त्यांस बोलावणें आलें. त्याच दिवशीं मृत्युपत्र झालें, व त्याच दिवशीं बाबामहाराज वारले. टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कोल्हापूरचे कुंभोजकर, घरचे कारभारी नागपुरकर इत्यादि मंडळींस ट्रस्टी नेमलें होतें. स्वतःच्या डोक्यावर राजद्रोहाचा खटला असतांना दुसर्‍याच्या घराचा भार उचलण्यास जो मनुष्य तयार होतो, त्यास व्यवहारी म्हणावें किंवा नाहीं हें वाचकांनींच ठरवावें. मरणार्‍याच्या शब्दास नाहीं म्हणण्याची रीत त्या पिढींत नव्हती, एवढें मात्र खरें.

मृत्युपत्राचा आशय थोडक्यांत असा होता. पत्नी गरोदर आहे. तिला मुलगा न झाला, किंवा होऊन वारला, तर घराण्याचें नांव चालावें म्हणून ट्रस्टींच्या संमतीनें तिच्या मांडीवर दत्तक द्यावा, आणि तो सज्ञान होईपर्यंत ट्रस्टींनीं सर्व मिळकतीची व्यवस्था पाहावी. पत्नी ताईमहाराज ही त्या वेळीं पंधरा-सोळा वर्षांची होती. १८९८ च्या जानेवारींत तिला मुलगा झाला, व मार्चमध्यें तो गेला. ह्या दोन्ही वेळीं टिळक तुरुंगांत होते. सप्टेंबर १८९७ मध्यें त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती, व ते सुटले तें १८९८ च्या सप्टेंबरांत.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढील गुंता समजणार नाहीं. तेव्हांच्या हिंदु कायद्याप्रमाणें बापाच्या मागें जन्मलेला मुलगा जन्मतांच मिळकतीचा मालक होई, आणि तो वारला म्हणजे मिळकत वारसानें आईकडे जाई. ती हयातीपुरतीच, पण मालक म्हणून. त्या आईनें दत्तक घेतला कीं ही हयातीपुरती मालकीही तत्क्षणीं सुटे व ती अन्नवस्त्राची हक्कदार तेवढी उरे. (१९५६ च्या कायद्यानें ही स्थिति पालटली; आतां दत्तक आल्यानें कोणाच्या हातांत आधीं आलेली मिळकत सुटत नाहीं.) म्हणजे सोळा वर्षांच्या ह्या मुलीनें नवर्‍याच्या इच्छेस मान दिला कीं तिचा स्वतःचा हक्क संपत होता, आणि तो संपविण्याची घाई ज्यांना कर्तव्य म्हणून होती ते सारे परके पुरुष होते. त्यांत इस्टेट कर्जाखालीं. ट्रस्टींनीं खर्चास कात्री लावली हें कर्जाच्या दृष्टीनें उचितच होतें. परंतु वाड्यांतील मालकिणीस आपल्याच घरांत हात आंखडावा लागला, व त्याचा हिशेब मागणारे नवर्‍याचे मित्र! हा सल टिळकांच्या चरित्रकारांस फारसा जाणवलेला दिसत नाहीं. आम्हांस वाटतें, पुढें जें घडलें त्याचें बीज कोल्हापूरच्या दरबारांत जितकें होतें तितकेंच ह्या महिन्याच्या नेमणुकींत होतें.

१९०१ च्या जूनमध्यें दत्तकाचा निर्णय झाला. घराण्याची बाबरे नांवाची एक शाखा निझामाच्या राज्यांत औरंगाबादेकडील निधोने येथें होती. ताईमहाराज, टिळक, खापर्डे वगैरे मंडळी औरंगाबादेस गेली, मुलें पाहिलीं, आणि महिन्याच्या अखेरीस जगन्नाथ नांवाच्या मुलाचें दत्तविधान झालें. टिळकांच्या पक्षाचें म्हणणें एवढेंच कीं, देणें-घेणें झालें, विधि झाला, मुलगा मांडीवर बसला. पण हें सर्व घडलें निझामी हद्दींत. साक्षीदारांपैकीं पुष्कळ त्या हद्दींतले, आणि पुण्याच्या कोर्टाचें समन्स तेथें आपल्या जोरावर चालत नसे. पुण्याच्या वाड्यांतच, पेठेंतल्या दहा प्रतिष्ठित गृहस्थांसमोर हा समारंभ झाला असता, तर आमच्या मतें पुढचीं चौदा वर्षें वांचलीं असतीं. कायदा जाणणार्‍या दोन धुरंधरांनीं ही सावधगिरी घेतली नाहीं, ह्याचें आश्चर्य वाटतें. मात्र मुलगा जेथला तेथेंच बोलणें पक्कें करावें ही आपल्याकडील साधी व्यवहाराची चाल त्यांनीं पाळली असेल.

पुण्यास परत येतांच वारा फिरला. ताईमहाराजांनीं म्हणावयास आरंभ केला कीं, औरंगाबादेस दत्तक झालाच नाहीं. कोल्हापूरच्या शाखेंतील बाळामहाराज ह्यांस दत्तक घ्यावें असें त्यांच्या मनानें घेतलें, किंवा त्यांच्या मनांत भरविण्यांत आलें. नागपुरकरांचें ह्यांत अंग आहे असा टिळकांचा आरोप होता, व त्यांनीं त्यांच्यावर विश्वासघाताची फिर्यादही केली. वाड्यांतच दत्तविधान उरकण्याचा बेत ट्रस्टींनीं हाणून पाडला, तरी ऑगस्टमध्यें बाळामहाराजांचा दत्तक झालाच, आणि त्यास कोल्हापूर दरबारची अनुकूलता होती. शाहू छत्रपति व टिळक ह्यांचें वेदोक्त प्रकरणावरून आधींच बिनसलेलें होतें. त्याची चर्चा येथें करण्याचें कारण नाहीं. दरबारच्या अनुकूलतेचा खरा अर्थ राजकारणापेक्षां मिळकतीशीं निगडित होता. संस्थानच्या इनामाच्या बाबतींत दत्तकास दरबारची मंजुरी लागे. ज्याला दरबार वारस म्हणेल त्याच्या नांवें तेथील चावडींतला खातेउतारा होई. पुण्याच्या जिल्हा कोर्टानें दिलेलें प्रोबेट त्या चावडींत नेऊन दाखविलें तर कारकून तें वाचून परत देई, एवढाच त्याचा उपयोग.

ही गोष्ट कोल्हापुरापुरती नव्हती. एका राज्याचें कोर्ट दुसर्‍या राज्यांतील जमिनीच्या मालकीचा निर्णय करूं शकत नाहीं, हें तत्त्व जुनेंच; दावा जेथें जमीन तेथें, असें दिवाणी व्यवहारसंहितेचें १६ वें कलम आजही सांगतें. संस्थानी कोर्टांच्या हुकुमांस ह्या बाजूस किती किंमत, तें १८९४ सालीं फरीदकोटच्या राजाच्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें सांगून टाकलें होतें: जो मनुष्य आपल्या हद्दींत राहत नाहीं व ज्यानें आपली सत्ता मान्य केलेली नाहीं, त्याच्यावर त्याच्या गैरहजेरींत केलेला पैशाचा हुकूमनामा परक्या मुलखांत शून्यवत् आहे. व्यवहारसंहितेंत मात्र एक फट होती. सरकारनें जाहीर केलेल्या संस्थानांचे हुकूमनामे इंग्रजी मुलखांत बजावतां येत. उलट दिशेनें, म्हणजे इंग्रजी कोर्टाचा हुकूमनामा संस्थानांत, हें त्या त्या दरबारच्या कायद्यावर व मर्जीवर राहिलें.

असो. ताईमहाराजांनीं पुण्याच्या जिल्हा कोर्टांत ट्रस्टींचें प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन. ह्या जागेवरील अधिकारी हाच दक्षिणेंतील सरदारांचा एजंटही असे, म्हणजे न्याय व मुत्सद्देगिरी एकाच खुर्चीवर. टिळकांची दिवसचे दिवस तपासणी झाली, आणि १९०२ च्या एप्रिलमध्यें अ‍ॅस्टन साहेबांनीं प्रोबेट तर रद्द केलेंच, पण टिळकांस खोटी फिर्याद, बनावट पुरावा, खोटी साक्ष अशा आरोपांखालीं फौजदारी चौकशीकरितां पाठविलें. घराची व्यवस्था पाहण्यास गेलेला मनुष्य आरोपीच्या पिंजर्‍यांत उभा राहिला. प्रोबेटाचा हुकूम उच्च न्यायालयानें फिरविला, तरी फौजदारी काम चालूच राहिलें. १९०३ च्या ऑगस्टमध्यें खास मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनीं अठरा महिने सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड ठोठावला. १९०४ च्या जानेवारींत सेशन्स जज्ज ल्यूकस यांनीं ती शिक्षा सहा महिन्यांवर आणली, व टिळकांस हातकड्या घालून तुरुंगांत नेण्यांत आलें. अखेर ३ मार्च १९०४ रोजीं मुख्य न्यायमूर्ति जेंकिन्स व न्यायमूर्ति बॅटी यांनीं शिक्षा साफ रद्द केली. ह्याच धामधुमींत, १९०३ च्या मार्चमध्यें, आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होतें हें सांगणारा टिळकांचा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. सकाळीं औरंगाबादच्या खर्चाच्या कीर्दीवर उलटतपासणी व रात्रीं वेदांतील उषेचीं सूक्तें, असा हा दिनक्रम डोळ्यांपुढें आणला म्हणजे त्या बुद्धीच्या पोलादाची कल्पना येते.

आणि ह्या फौजदारीचा निकाल लागण्यापूर्वींच, १९०३ सालीं, ताईमहाराज वारल्या. वय बावीसच्या आंतबाहेर. वैधव्य, एका महिन्या-दोन महिन्यांच्या मुलाचा मृत्यु, आणि दोन वर्षें कोर्टकचेर्‍या, एवढा त्यांचा संसार. औरंगाबादेस त्या दिवशीं खरोखर काय झालें, हें ज्या व्यक्तीच्या मांडीवर सर्व अवलंबून होतें तीच आतां नाहींशी झाली. मागें उरल्या त्या तिच्या जबान्या, आणि त्यांचा अर्थ लावणारे वकील. जबानी म्हणजे तरी काय? प्रश्न वकिलाचे, उत्तरें तुटक, आणि तीं इंग्रजींत उतरून घेणारा साहेब. त्यांतून त्या मुलीचें मन काढूं पाहणें हें वाळूंतून तेल काढण्यासारखेंच आहे. आम्हीं प्रयत्न करून पाहिला, आणि सोडून दिला.

दिवाणी दावा मात्र चालतच होता, व त्यांत जगन्नाथ हा अज्ञान मुलगा व ट्रस्टी एका बाजूस आणि बाळामहाराज दुसर्‍या बाजूस होते. कायद्याचा प्रश्न सोपा होता. एक दत्तक पुत्र जिवंत असतां दुसरा दत्तक घेतां येत नाहीं. म्हणून औरंगाबादचा दत्तक खरा ठरला कीं पुढचा आपोआप कोसळतो. सारा भर घटनेवर. पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या सबजज्जानें १९०६ सालीं जगन्नाथाचा दत्तक खरा धरला. बाळामहाराजांच्या वतीनें अपील झालें, आणि १९१० सालीं मुंबई उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति चंदावरकर व हीटन यांनीं तो निकाल फिरवून औरंगाबादचा दत्तक नाकारला. तेव्हां टिळक मंडालेस होते. राजद्रोहाच्या दुसर्‍या शिक्षेनें १९०८ पासून १९१४ पर्यंत ते ब्रह्मदेशांत बंदिवान होते, व ट्रस्टाचें काम खापर्डे आदि मंडळींवर पडलें होतें. उच्च न्यायालयाच्या निकालाचा अर्थ असा होत होता कीं, ह्या सर्व प्रतिष्ठित गृहस्थांनीं संगनमत करून शपथेवर खोटें सांगितलें. मिळकत गेली ती गेलीच, पण नांवही गेलें. एखादा दुसरा ट्रस्टी असता तर येथें हात टेकता. परक्याचें लेंकरूं, परक्याचा वाडा, आणि आपल्या अब्रूचा पंचनामा!

राहिला होता तो एकच दरवाजा, आणि तो होता लंडनमध्यें. प्रिव्ही कौन्सिलच्या अपीलाची रीत आजच्या वाचकांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं, कारण १९४९ सालीं ती कायमची बंद झाली. दाव्याची किंमत निदान दहा हजार रुपये असली पाहिजे. प्रतिपक्षाच्या खर्चाबद्दल जामीन द्यावयाचा. मग मूळ दाव्यांतील मराठी कागद, पत्रें, कीर्दी, जबान्या ह्या सर्वांचीं इंग्रजी भाषांतरें करून तीं छापावयाचीं, बोटीनें धाडावयाचीं, आणि लंडनच्या सॉलिसिटरनें तीं बॅरिस्टरांपुढें ठेवावयाचीं. डाउनिंग स्ट्रीटवरील त्या दालनांत न्यायाधीश झगे न घालतां साध्या पोषाखांत मेजाभोंवतीं बसत, आणि निकाल न देतां राजास सल्ला देत. पुण्याच्या वाड्यांतील जिना, माजघर, शेजघर ह्यांचे नकाशे ज्यांनीं कधीं हिंदुस्थान पाहिलेंही नाहीं त्यांच्या मेजावर उलगडले जावे, ही कल्पना एका दृष्टीनें हास्यास्पद आहे. तरी पण तेथेंच ह्या प्रकरणांतील मर्म नेमकें पकडलें गेलें.

२६ मार्च १९१५ रोजीं लॉर्ड शॉ यांनीं निकाल वाचला. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला व सबजज्जाचा कायम झाला. जगन्नाथ हाच दत्तक पुत्र ठरला. निकालांतील महत्त्वाचा भाग धर्मशास्त्राचा नाहीं, पुराव्याचा आहे. टिळक, खापर्डे वगैरेंस खोटें ठरविण्यांत आलें, पण ज्या गोष्टींवरून तें ठरविलें त्या गोष्टी उलटतपासणींत त्यांच्यापुढें ठेवून त्यांचा खुलासा मागितलाच नव्हता. आधींच्या प्रोबेटाच्या व फौजदारीच्या कामांतल्या जबान्यांचे गठ्ठे दाव्यांत एकदम दाखल करण्यांत आले होते. त्यांतील अमुक वाक्याशीं तुमचें आजचें वाक्य जुळत नाहीं, ह्याला तुमचें उत्तर काय, असें साक्षीदारास विचारावयास हवें होतें. मनुष्यास लबाड म्हणण्यापूर्वीं त्यास बोलूं द्यावें, इतकी ही साधी गोष्ट. ती पुण्यामुंबईच्या कोर्टांस नवीन होती असें नाहीं. परंतु टिळक हें नांव दिसलें कीं तिचा विसर पडत असे. साडेचार हजार मैलांवर हें नांव कागदावरचें एक नांव होतें. ह्या निकालाचा दाखला आपल्याकडील न्यायालयें अजून देतात. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन २०२४ पासून नवा आला, तरी साक्षीदारास त्याचें जुनें विधान दाखवून खुलासा मागण्याचा नियम तोच आहे. पंडितांच्या घरांतील भांडणानें देशाच्या न्यायव्यवहारास दिलेली ही देणगी कोणी बुद्धिपुरःसर दिलेली नव्हे.

पुण्याकडील मिळकतीपुरतें ह्यानें काम झालें. कोल्हापूरचें काय? लंडनचा निकाल झाला तरी तो मुंबई उच्च न्यायालयावरील अपीलांतला निकाल. कोल्हापूरच्या कोर्टांवर त्याचें अपील चालत नव्हतें. राजाच्या नांवानें निघालेला हुकूम पुण्याच्या सबजज्जापर्यंत उतरत आला, आणि वारणा-पंचगंगेच्या कांठीं थांबला. साम्राज्याचें हें एक गमतीचें अंग आहे. जो राजा लंडनमधून अर्ध्या जगावर हुकूम चालवी, त्याच्या न्यायाचा कागद त्याच्याच मांडलिकाच्या चावडींत परकीय ठरे. टिळकांस संस्थानांतील मिळकतीकरितां पुन्हां नव्यानें खटपट करावी लागली, आणि जेथें त्यांचा शब्द ऐकण्याची मनःस्थिति नव्हती त्याच दरबारापुढें ती करावी लागली.

ह्याच लंडनमध्यें आणखी एक विपरीत प्रकार झाला. व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानांतील असंतोषावरच्या पुस्तकांत ताईमहाराज प्रकरणावरूनही टिळकांवर शिंतोडे उडविले होते. टिळकांनीं अब्रुनुकसानीचा दावा लंडनमध्येंच लावला. मागच्या विजयानें त्यांस त्या न्यायासनाचा भरंवसा वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु डाउनिंग स्ट्रीटचें दालन निराळें, आणि ज्यूरीचें कोर्ट निराळें. १९१९ च्या फेब्रुवारींत न्यायमूर्ति डार्लिंग यांच्यासमोर, सर एडवर्ड कार्सन यांच्या उलटतपासणीनंतर, ज्यूरीनें चिरोल यांच्या बाजूनें निकाल दिला. कायदेपंडितांनीं कागद वाचून ज्या गृहस्थास निर्दोष ठरविलें, त्याच गृहस्थास त्याच शहरांतील बारा सामान्य इंग्रजांनीं चार वर्षांनीं तोंडघशीं पाडलें. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें व वर्तमानपत्रें तापलेलीं होतीं. लांबच्या कोर्टांत आपलें कोणी ओळखत नाहीं हा फायदा तोंपर्यंतच, जोंपर्यंत खरोखरच कोणी ओळखत नाहीं. त्या दाव्याच्या खर्चानें टिळक कर्जांत बुडाले, व तें कर्ज लोकांनीं वर्गणी करून फेडलें.

टिळकांनीं ह्या ट्रस्टापायीं काय मिळविलें, असा हिशेब कोणी मांडूं जाईल तर जमेची बाजू कोरीच राहील. त्यांचे विरोधकही, त्यांनीं इस्टेटींतला पैसा खाल्ला असें सिद्ध करूं शकले नाहींत. तरी आम्हांस एक गोष्ट बोलून दाखविल्यावांचून राहवत नाहीं. मृत्युपत्रांतल्या प्रत्येक अक्षराचा मान राखणार्‍या ह्या मंडळींनीं, त्या अक्षरांत जिचा उल्लेख केवळ गर्भाची आणि मांडीची धनीण म्हणून आला होता, तिच्याशीं चार गोष्टी शांतपणें बोलण्यास एखादी वडीलधारी बाई वाड्यांत ठेवली असती, तर? अशी बाई तेव्हांच्या पुण्यांत दुर्मिळ नव्हती. कदाचित् ती ठेवली असेल आणि कागदांत आली नसेल. कोर्टाच्या कागदांत अशा बायका येत नाहींत.

१९२० च्या जुलै महिन्यांत टिळक मुंबईस आले ते ह्याच प्रकरणांतून उद्भवलेल्या कज्ज्याच्या कामासाठीं. मृत्युपत्रास तेवीस वर्षें होत आलीं होतीं. ज्या अज्ञान मुलाकरितां आरंभ केला तो कर्ता पुरुष झाला होता. उतरले होते सरदारगृहांत. तेथें हिंवताप आला, तो वाढला, आणि १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरींच त्यांचें देहावसान झालें. प्रेतयात्रेस मुंबईंत जो जनसमुदाय लोटला, त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल कीं ते मुंबईस कशाकरितां आले होते.

कायद्याच्या ग्रंथांत हा दावा टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित ह्या नांवानें नोंदलेला आहे. लोक मात्र अद्याप त्याला ताईमहाराज प्रकरण म्हणतात.